दक्षिणेची खोली

इझ्वोर्त्सी, बल्गेरिया
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय एनिड,

तुझं पत्र काल मिळालं. घरमालक घर विकायला काढतोय हे वाचून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी त्याच्या बापाला आणि मग त्याला तू इतकी वर्षं भाडं भरलंस, आणि आता तो मार्चअखेर बाहेर व्हा म्हणतो. वर तू लिहितेस की काळजी करू नकोस. मी काळजी करणार हे तुला माहीत आहे, मग असं लिहून उपयोग काय?

मी सरळच लिहितो. तू इकडे ये. कायमची.

भाऊ म्हणून बोलावतो असं समजू नकोस, हिशेबाने बोलावतोय. ग्रिम्सबीत मोटार ठेवायची कोठी मिळणार नाही तेवढ्या पैशात मला इथं घर, विहीर आणि अक्रोडाचं झाड मिळालं. वर्षाची घरपट्टी भरायला गेलो तेव्हा मला वाटलं, बाई महिन्याची सांगतेय. तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तोच आकडा लिहून दाखवला आणि माझ्याकडे असं बघितलं की हा म्हातारा रडणार आहे की काय. टोमॅटो पिशवीभर घेतले तरी आपल्याकडच्या चार टोमॅटोंचे पैसे होत नाहीत. केस कापायला एक पौंडसुद्धा लागत नाही. तुझं एका हिवाळ्याचं गॅसचं बिल येतं ना, त्यात आपण दोघं इथं वसंतापर्यंत जेवू.

तुझ्यासाठी दक्षिणेकडची खोली काढली आहे. तिला दोन खिडक्या आहेत. जमीन मी घासून काढली, आता भिंतीला चुना देतोय.

काळज्या आहेत, नाही असं नाही. रेडिओवर रोज सांगतात की पौंड घसरतोय. माझं पेन्शन पौंडात आणि पावाचे पैसे इथल्या लेवमध्ये, म्हणजे मी काही न करता रोज थोडा गरीब होतो. शिवाय इथं परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, कंपनी काढावी लागते. तेव्हा मी आता कंपनीचा मालक आहे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, जन्मभर बर्फाच्या कारखान्यात फावडं मारलं आणि आता यांबोल शहरात माझा हिशेबनीस आहे. त्याची फी मला कुणी आधी सांगितली नव्हती.

आणखी एक. घराच्या फाटकावर जुने, उन्हानं पिवळे पडलेले कागद डकवलेले होते. काळी चौकट, आत एका म्हाताऱ्या बाईचा आणि बाप्याचा फोटो. मी मे महिन्यात आलो तेव्हाच ते खरवडून काढले आणि फाटकाला छान हिरवा रंग दिला. मागच्या आठवड्यात बघतो तर त्याच बाईचा नवा कोरा कागद माझ्या रंगावर. ती या घराची जुनी मालकीण. तिच्या मुलानं मला घर विकलं, तो आता स्पेनमध्ये असतो. मग मेलेल्या बाईचा फोटो माझ्या दारावर डकवायचा म्हणजे हे घर अजून आमचं आहे असंच सांगायचं ना? दुसरे वारस असणार. मी तो लगेच काढला. तू चर्चमध्ये येणाऱ्या त्या वकिलाला सहज म्हणून विचारशील का?

शेजार चांगला आहे. शांत आहे. समोरची स्टोयना आजी त्याच दिवशी कागदी पेल्यात साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन विकायला आली होती. मी दोन लेव दिले. तिनं नाणी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि निघून गेली. कमी वाटले असतील. परदेशी दिसला की यांचा भाव वाढतो.

लाकूडही भरलं. ऑक्टोबर असल्यामुळे गाडीवाल्याकडे गर्दी नव्हती, लगेच आणून टाकलं.

लवकर कळव.

तुझा
सिरिल

·

ग्रिम्सबी
२७ ऑक्टोबर २००८

प्रिय सिरिल,

कंपनीच्या मालकांना माझा नमस्कार.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, फोटो चिकटवून घर मिळवता आलं असतं तर तो आज राजवाड्यात राहिला असता. तेव्हा त्या बिचाऱ्या बाईला घाबरणं सोड. तू लहानपणी धुराडी साफ करणाऱ्यालाही घाबरायचास.

आता माझं. नगरपालिकेनं मला क्लीथॉर्प्सला म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली देऊ केली आहे. खाली देखरेखीला बाई असते आणि प्रत्येक खोलीत ओढायची दोरी असते. पडलं की दोरी ओढायची. दोरीपर्यंत पोचता आलं तर. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. भाडं ऐकून मी खुर्चीत बसले. ते दिलं की माझ्या पेन्शनमधून चहा आणि वर्तमानपत्र एवढंच उरेल, आणि वर्तमानपत्र मी ग्रंथालयात वाचीन.

म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं. टोमॅटोंचा भाव कळला, केस कापायचा कळला. तुझ्या डोक्यावर केस किती आहेत हे मला माहीत आहे, तेव्हा ती बचत मी धरत नाही. पण तू दिवसभर बोलतोस कुणाशी? ते कुठं लिहिलेलं दिसलं नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, नाहीतर तुझ्या आवाजावरून ओळखलं असतं. म्हणून नीट लिही.

जेवतोस ना?

एनिड

·

इझ्वोर्त्सी
१५ नोव्हेंबर २००८

प्रिय एनिड,

बोलायला माणसं आहेत. सकाळी पावाची गाडी येते, तिथं सगळा गाव जमतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात. गाव लहान आहे, तरुण सगळे परदेशी गेले, पण उरलेत ते मायाळू. स्टोयना आजी परवा घेवड्याचं सूप घेऊन आली. गरम होतं. मी तिला म्हटलं, माझी बहीण येणार आहे. ती खूष झाली. सध्या गावभर कोबी खारवून पिंपं भरायचं चाललंय, मलाही बोलावतात, पण माझी कंबर दुखते म्हणून मी जात नाही.

तुझ्या खोलीबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. पश्चिमेच्या भिंतीला फळी ठोकतोय. तुझी शिवणाची पेटी, रेडिओ आणि ते चिनी मातीचे दोन कुत्रे त्यावर बसतील. दोन कुत्र्यांच्या मध्ये किती अंतर ठेवतेस ते मोजून कळव, म्हणजे खुंट्या त्याप्रमाणे मारता येतील. पलंग दोन्हीकडे लावून बघितला. खिडकीखाली लावला तर सकाळचं ऊन तोंडावर येतं, भिंतीशी लावला तर तुला उठताना आधार मिळतो. मी अजून ठरवलेलं नाही. फळी ओकच्या लाकडाची नाही, पण मी तिला तीनदा तेल दिलंय आणि ती ओकची वाटते. दाराचा उंबरा उंच आहे, तुझ्या गुडघ्याला त्रास होईल, म्हणून तासून खाली घेतला. आता दाराखालून वारा येतो, त्याला कापडाची गुंडाळी करीन. आरसा कुठल्या उंचीवर हवा? जॉयस असताना तिच्यासाठी लावायचो त्या उंचीवर लावला होता, मग लक्षात आलं की तू बुटकी आहेस.

शेगडी उत्तम चालते. लाकूड पेटायला थोडा वेळ घेतं, एवढंच.

फाटकावरचा कागद पुन्हा आला होता. मी पुन्हा काढला. तुझा वकील हसला असेल, त्याचं घर नाही ना.

पौंड आणखी पडला. पण तू त्याचा विचार करू नकोस. दोघांची पेन्शनं एका चुलीवर आली की पौंड काहीही करो.

सिरिल

·

ग्रिम्सबी
१४ डिसेंबर २००८

प्रिय सिरिल,

कुत्र्यांमध्ये वीतभर अंतर असतं. ते एकमेकांकडे बघत नाहीत, दोघेही दाराकडे बघतात. आरसा माझ्या नाकाच्या उंचीवर लाव, खाली मला फार बघायचं नसतं. पलंग भिंतीशी.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू लिहिलं होतंस की समोरच्या आजीचं पेन्शन तुझ्या एका आठवड्याच्या निम्मं आहे, आणि ते तिला महिनाभर पुरवावं लागतं. ते मेमधल्या पत्रात होतं, मी पत्रं जपून ठेवते. आणि तुला तुझं पुरत नाही असा मला वास येतोय, कारण तू लाकडाबद्दल एकच ओळ लिहिलीस. तू कुठल्याही गोष्टीबद्दल एकच ओळ कधी लिहीत नाहीस. मग ती बाई जगते कशी? लाकूड कुठून आणते, कोण फोडून देतं? जा आणि विचार तिला. तुला तिची भाषा येत नसेल तर कुणाला तरी बरोबर ने. स्वस्ताईचा अभ्यास करायचा तर तिच्याकडे कर, दुकानात नको.

यापुढची पत्रं मॉडच्या पत्त्यावर पाठव, शेजारच्या घरी. इथला पोस्टमन बदललाय, पत्रं गहाळ होतात. ती मला आणून देईल.

नाताळला काय खाशील? मी इथून पुडिंग पाठवलं असतं, पण पोस्टाचा खर्च पुडिंगपेक्षा जास्त आहे.

एनिड

·

इझ्वोर्त्सी
१६ जानेवारी २००९

प्रिय एनिड,

बर्फामुळे आठवडाभर पोस्ट बंद होतं, म्हणून उशीर. शिवाय हे पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा टाकून दिलं.

तू सांगितलंस तसं केलं. सरपंचांच्या कचेरीत रुमियाना म्हणून एक मुलगी आहे. समुद्रकाठच्या हॉटेलात काम केल्यामुळे तिला आपली भाषा चांगली येते. तिला म्हटलं, समोरच्या आजीकडे माझ्याबरोबर चल, मला विचारायचंय की ती एवढ्या पैशात कशी जगते. रुमियाना जरा घुटमळली. म्हणाली, ती तुम्हाला दार उघडेल असं वाटत नाही. मी म्हटलं, का? मी काय केलंय? तिनं कोट घातला आणि आली.

स्टोयना आजीनं दार उघडलं ते रुमियानासाठी. मला बस म्हणाली नाही. रुमियानानं माझा प्रश्न सांगितला. आजीनं आधी माझ्या बुटांकडे बघितलं. मग जे बोलायला लागली ते थांबेचना. रुमियाना सगळं सांगत नव्हती, मधलं गाळत होती, ते मला कळत होतं.

एनिड, माझ्या घराची जुनी मालकीण, ती पेना, या स्टोयनाची सख्खी बहीण. इथं माणूस गेलं की त्याचा फोटो घालून कागद छापतात आणि दारावर डकवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. ज्या दारातून माणूस गेलं त्या दारावर. घर विकलं तरी दार तेच राहतं. गावात सगळ्या फाटकांवर आहेत, मी रोज बघतो. मला वाटायचं, जुन्या निवडणुकीचे असतील. मी पेनाला आणि तिच्या नवऱ्याला पत्र्याच्या खरवडणीनं काढलं आणि वर रंग दिला. वर्षश्राद्धाला स्टोयनानं नवा लावला, तो मी फाडला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा फाडला. सगळा गाव बघत होता.

आणि ते गहू ती विकायला आली नव्हती. मेलेल्याच्या नावानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. तेवढं सगळं होऊनही ती माझ्या दारात आली होती, कारण पेनाच्या घरात ते गहू खाल्ले जायला हवेत. मी तिच्या हातावर दोन लेव ठेवले.

रुमियाना हे सांगताना खाली बघत होती. मी म्हटलं, तिला सांग की मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. आजी म्हणाली, आठ महिने राहतोय, एकदा विचारायचं होतंस.

मग मी विचारलं, नवा कागद आहे का? तिनं कपाटातून काढून दिला. तिनं एक जास्तीचा छापून ठेवला होता. मी घरी येऊन पिठाची खळ केली आणि पेनाला फाटकावर चिकटवलं, नीट, मधोमध. थंडीनं खळ गोठत होती म्हणून हातानं दाबून धरून उभा राहिलो. पावाच्या गाडीवरून परतणाऱ्या बायका थांबल्या, मग पुढे गेल्या. एकीनं मान हलवली.

निघताना आजीनं विचारलं होतं, तुझी बायको गेली म्हणतात, तिचा कागद कुठंय? मी म्हटलं, आम्ही एकदा वर्तमानपत्रात छापतो. "एकदाच?" ती म्हणाली. 

तर आता सगळं मिटलं आहे. तू आलीस की तुला काही त्रास होणार नाही. फळी भिंतीवर चढली. फेब्रुवारी अखेर जवळ येतेय, तू त्या क्लीथॉर्प्सवाल्यांना नाही म्हणून कळवलंस का?

सिरिल

·

ग्रिम्सबी
३० जानेवारी २००९

प्रिय सिरिल,

तुझं पत्र वाचलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. रागावणार होते, पण तू हातानं दाबून धरलास ते वाचलं आणि राग गेला. थंडीत तुझ्या बोटांना भेगा पडतात. तेल लावत जा.

क्लीथॉर्प्सवाल्यांची घाई करू नकोस, बघते. मला वाटतं, येताना कुत्रे हातातल्या पिशवीतच आणावे लागतील. पेटीत फुटतील. तुझ्याकडे खिडकीतून काय दिसतं ते तू कधी लिहिलं नाहीस. लिही ना. मला रोज काय दिसेल?

इथं खूप थंडी पडली असं म्हणतात. मला काही जाणवत नाही.

एनिड

·

इझ्वोर्त्सी
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय एनिड,

हे पत्र यांबोलला जाऊन जलद टपालानं पाठवतोय. खूप पैसे पडले तरी चालेल, अखेरीच्या आत तुला मिळायला हवं.

तू येऊ नकोस. क्लीथॉर्प्सची खोली घे. आजच सही कर.

काल स्टोयना आजी आली होती. आता येते अधूनमधून, दही आणते. मी तिला तुझी खोली दाखवली. रुमियाना बरोबर नव्हती, पण आता थोडे शब्द कळतात. तिनं फळी बघितली, उंबरा बघितला, मग भिंतीवर हात टेकवला आणि तसाच ठेवला. चुना हाताला ओला लागत होता. मग शेगडीतलं लाकूड उचलून बघितलं, त्याच्या टोकातून पाणी निघत होतं. तिनं विचारलं, बहिणीचं वय काय? मी बोटांनी दाखवलं.

ती म्हणाली, "मारायला आणतोयस का तिला?"

हसत नव्हती. मी घरभर फिरून आलो आणि पुन्हा त्या खोलीत गेलो, आणि मलाही ते दिसलं.

इथं लाकूड वसंतात घेतात, उन्हाळाभर वाळवतात. ऑक्टोबरात फक्त मूर्ख घेतो. गाडीवाल्याला ते माहीत होतं, गावाला माहीत होतं, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, मग सांगणार कोण? माझं लाकूड पेटत नाही, धुमसतं. डिसेंबरपासून मी विजेच्या शेगडीवर आहे, आणि विजेचं बिल आलं तेव्हा मला वाटलं वर्षाचं आहे. महिन्याचं होतं. यांबोलला जायला टॅक्सी, लाकूड फोडायला माणूस, छपरावरचा बर्फ काढायला माणूस, प्रत्येक गोष्टीला मी पैसे मोजले. तू विचारलं होतंस ना, ती बाई कशी जगते? तिचं लाकूड पुतण्या आणतो, त्याची कोबी ती खारवते. एकाच्या कोंबड्या, दुसऱ्याची विहीर. तिला पैसे लागतच नाहीत फारसे. मला लागतात, कारण माझं कुणी नाही.

सूप तिनं आणलं नव्हतं. नोव्हेंबरात कुणीच काही आणलं नव्हतं. पावाच्या गाडीशी मी गेलो की बायका गप्प व्हायच्या. मी पाव घेऊन घरी यायचो आणि रेडिओ मोठ्यानं लावायचो. कोबीच्या पिंपासाठी मला कुणी बोलावलं नाही. तुझी खोली करत होतो तेवढा वेळ बरा जायचा. म्हणून तुला लिहीत राहिलो की ये.

मी परत येऊ शकत नाही, घर विकत घ्यायला कुणी नाही आणि त्या पैशात तिकडे काय मिळणार. माझं मी बघीन. तू सही कर.

खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसतं, त्यामागे ओसाड घर, त्याच्या छपरात झाड उगवलंय. एवढंच दिसतं.

सिरिल

·

क्लीथॉर्प्स
२४ फेब्रुवारी २००९

प्रिय सिरिल,

वरचा पत्ता बघ.

मी सही डिसेंबरच्या बारा तारखेला केली, तुला कुत्र्यांचं अंतर कळवलं त्याच्या दोन दिवस आधी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथं राहायला आले. मॉड तुझी पत्रं आणून देते. पोस्टमन जुनाच आहे, चांगला माणूस आहे.

मी येणारच नव्हते, सिरिल. माझे गुडघे गेले आहेत आणि उजव्या डोळ्यानं आता फार दिसत नाही. ते तुला कळवलं नाही, कारण तू परदेशात बसून काळजीनं वाळला असतास. पहिल्या पत्राला नाही म्हणणार होते. पेन हातात घेतलं, पण मग म्हटलं, आणखी एक पत्र वाट बघू. मग तुझं ते नोव्हेंबरचं आलं. आरशाच्या उंचीचं. जॉयस गेल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात काय झालं आणि काय होईल याची भीती असायची. त्या पत्रात तू उंबरा तासत होतास. मला ते मोडवेना. म्हणून पलंग भिंतीशी लावायला सांगितला. चूक केली असेन. तुझ्याकडून लाकूड, चुना, तेल यांचे पैसे खर्च करवले, ते मला टोचतं.

एक सांगते आणि मग पुन्हा कधी बोलणार नाही. तू मला टोमॅटो लिहिलेस, घरपट्टी लिहिलीस. मला इथं करमत नाही, असं एकदा लिहिलं असतंस तर मी गुडघ्यांसकट आले असते, मूर्खासारखी. तेव्हा नाही लिहिलंस हेच बरं झालं.

इथं ऊब आहे. इतकी की खिडकी उघडावी लागते. जेवायला सगळ्या एका टेबलावर बसतात आणि आपापल्या आतड्यांबद्दल बोलतात. माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या बाईला मी रोज नाव सांगते आणि ती रोज नव्यानं खूष होते. कुत्रे खिडकीत बसवलेत. फळी नाही.

आता खरं लिहीत जा. मीही लिहीन.

एनिड

·

इझ्वोर्त्सी
१९ मार्च २००९

प्रिय एनिड,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागावलो. तू तिथं गरम खोलीत बसून मला विचारत होतीस की खिडकीतून काय दिसतं. दुसऱ्या दिवशीही रागावलेलो होतो. मग तुझ्या खोलीतल्या आरशाशी दाढी करायला गेलो तर आरसा इतका खाली की मला माझी हनुवटीच दिसली. तिथंच बसून राहिलो.  मग राग राहिला नाही, पण दुसरंही काही राहिलं नाही.

डोळ्याचा डॉक्टर काय म्हणतो? डावा तरी ठीक आहे का? हे अक्षर मोठं काढतोय, वाचता येतं का कळव.

आठवडाभर खोलीचं दार बंद ठेवलं. मग स्टोयना आजी एका सकाळी मिरचीच्या आणि टोमॅटोच्या रोपांच्या पेट्या घेऊन आली आणि न विचारता आत गेली. तिच्या घराला दक्षिणेची खिडकी नाही. पलंग खिडकीखाली ओढून पेट्या त्यावर ठेवल्या. फळीवर दह्याचे डबे मांडलेत, त्यातही माती आहे. रोपांना गारठा चालत नाही, म्हणून पुतण्याकडून तिनं मला हातगाडीभर सुकं लाकूड पाठवलं. पैसे द्यायला खिशात हात घातला आणि काढून घेतला. त्यानं ते बघितलं. बदल्यात काय द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. इथं कुणी सांगत नाही, आपण ओळखायचं असतं. कदाचित अक्रोड. पण ते सप्टेंबरात.

तर आता त्या खोलीत मी दिवसातून चार वेळा शेगडी बघायला जातो. भिंत कोरडी पडत आली आहे. पेट्यांना पाणी घालताना मी आपल्या भाषेत काहीतरी बोलतो, ऐकायला कुणी नसतं.

खरं लिही म्हणालीस, तर खरं हे आहे की संध्याकाळ फार लांब असते. लोक आता नमस्कार करतात, पण नमस्कार केवढासा असतो, लगेच संपतो. पुढच्या वर्षीचं लाकूड मी परवाच घेतलं, रचून ठेवलं. रचताना सारखं वाटत होतं, पुढच्या हिवाळ्याला ते जाळायला मी एकटाच.

यांबोलहून बस निघते, सोफियाला विमान मिळतं. रुमियानानं चौकशी केली, हिवाळ्यात तिकीट स्वस्त असतं म्हणे. म्हाताऱ्यांच्या त्या इमारतींत पाहुण्यांसाठी एक खोली असते असं ऐकलंय. देखरेखीच्या बाईला विचारून कळव, तुझ्या इथं आहे का, भावाला राहू देतात का, आणि एका रात्रीचे किती घेतात.

सिरिल